सुलभकाने सोपं करू नये

'सुलभक' हा शब्द शिक्षक-प्रशिक्षणांतून आणि बचत गटांच्या शिबिरांतून आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. सुलभ करून देतो तो सुलभक. फोरम थिएटर करणाऱ्यांनी मात्र हा शब्द जपून वापरावा, असं मला वाटतं. या नाटकात प्रेक्षकच उठून पुढे येतात आणि समोर घडलेली गोष्ट बदलून बघतात. नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो. या नाट्यप्रकाराचे जनक, ब्राझीलचे ऑगस्तो बोआल, म्हणायचे की हा माणूस काम सोपं करणारा नसून अवघड करणारा असतो. लोक एखाद्या उत्तरावर चटकन खूश झाले की त्याने विचारायचं, 'खरंच असं होईल?' बोआल यांनी त्याला जोकर म्हटलं, पत्त्यांच्या कॅटमधल्या जोकरवरून. चारही रंगांपैकी कुठल्याच रंगाचा नाही, म्हणून कुणाच्याही बाजूला बसू शकणारा.

मी काही वर्षं मराठवाड्यात, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या गावांमध्ये जोकरचं काम करते आहे. तुम्ही कलापथकात असाल, एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते असाल किंवा शाळेत असं नाटक बसवू पाहणारे शिक्षक असाल, तर हे काम कसं करावं याबद्दल थोडं सांगते. त्यातलं बरंचसं चुकूनमाकून शिकलेलं आहे.

आमचं नाटक जेमतेम 15 मिनिटांचं. नववीतली मुलगी. दसरा झाला की आईबाप तोडीला निघणार, टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन झालेली. मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा घोर. तेवढ्यात मामा स्थळ आणतो. मुलगाही तोडीलाच जाणारा. लग्न झालं की नवराबायको मिळून एक कोयता होतो आणि उचल कोयत्यावर मिळते. शेवटच्या प्रसंगात मुलीला हळद लागते आणि नाटक तिथेच थांबतं, हरलेल्या जागी. मग जोकर विचारतो, 'या गोष्टीत कुणी, कुठे, काय वेगळं करू शकलं असतं?' नाटक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ज्याला काही सुचेल त्याने 'थांबा!' म्हणायचं, पुढे येऊन त्या पात्राची जागा घ्यायची आणि नटांनी त्याच्याबरोबर प्रसंग पुढे न्यायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण जोकरचं काम त्या पहिल्या 'थांबा'च्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. नाटक कुठे करायचं, असं गावात विचारलं की उत्तर ठरलेलं: देवळापुढे, नाहीतर पारावर. तिथे उजेड असतो, जागा सारवलेली असते. पण त्या जागेवर कोण येऊन बसतं आणि कोण बसत नाही, हे आधी चौकशी करून ठेवा. एका गावात आम्ही चौकशी न करताच पार निवडला आणि एका वस्तीतल्या बायका शेवटपर्यंत रस्त्याच्या पलीकडे उभ्यानेच नाटक बघत राहिल्या. 'या ना पुढे,' मी चारदा म्हटलं. त्या नुसत्या हसल्या. त्यांना तिथे बसायची सोय नव्हती, आणि हे मला कळायला प्रयोग संपावा लागला. तेव्हापासून आम्ही शाळेचं मैदान घेतो. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या काढायला लावतो आणि सरपंचांनाही सतरंजीवर बसायची विनंती करतो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक यांतलं काहीच नको. एकदा का माईकवरून पाहुण्यांची ओळख सुरू झाली की समोरचे लोक श्रोते होऊन बसतात, आणि श्रोता मध्येच 'थांबा' म्हणत नाही. वेळही बायकांना विचारून ठरवा. भांडी उरकून त्या साडेनऊच्या आत मोकळ्या होत नाहीत.

सुरुवातीला एखादा खेळ घ्या. बोआल यांचा तळहाताचा खेळ मला फार उपयोगी पडला आहे. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. एकाने आपला तळहात दुसऱ्याच्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर धरायचा. हात जिकडे जाईल तिकडे चेहरा गेला पाहिजे, अंतर तेवढंच ठेवून. हात खाली गेला की वाकायचं, मागे गेला की फिरायचं. दोन-तीन मिनिटांनी अदलाबदल करायची. मग शांतपणे विचारायचं, 'हात असताना कसं वाटलं? चेहरा असताना?' 'दुसऱ्याच्या तालावर नाचणं' हे सगळ्यांनी बोललेलं असतं. इथे ते मानेत आणि गुडघ्यात जाणवतं. गावात जोड्या बायकाबायकांच्या आणि पुरुषापुरुषांच्याच लावा, उगाच तिथे धाडस करायला जाऊ नका.

आता ती पहिली शांतता. तुम्ही प्रश्न विचारता आणि 200 माणसं गप्प बसतात. नवा जोकर इथेच घाबरतो. दहा सेकंद होतात न होतात तोच ओळखीच्या शिक्षकाकडे किंवा बचत गटाच्या अध्यक्षाकडे वळतो आणि मग त्या रात्री तेच दोघं बोलत राहतात. तुम्ही तसं करू नका. शांतता धरून उभं राहा, दोन्ही पायांवर वजन टाकून, हातातला माईक न चाळवता. तुमचं शरीर अस्वस्थ दिसलं तर लोकांना वाटतं, आपण चुकतोय. मिनिटभरानंतरही कुणी उठलं नाही, तर शेजारच्याशी दोन मिनिटं बोलायला सांगा. शांत असलेल्या मैदानात एकदम गलका होतो आणि त्यातून पहिला हात वर येतो. आणखी एक गोष्ट: 'तुम्ही काय कराल?' हा प्रश्न पहिला विचारूच नका. 'तुम्ही काय पाहिलंत? हे आपल्याकडे घडतं का?' इथून सुरुवात करा. घडत नाही असं लोक म्हणाले तर नाटक चुकीचं आहे. मग तेही मान्य करायची तयारी ठेवा.

आमच्या नाटकात पहिला हात बहुतेकदा तरुण मुलाचा असतो आणि सूचना एकच: पोलिसांना फोन करायचा. तो मुलगी होऊन वर येतो, खिशातून मोबाईल काढतो, फोन लावतो. दारात पोलीस, लग्न मोडलं, टाळ्या. बोआल याला 'जादू' म्हणायचे. इथे जोकरने त्या मुलाला खोटं ठरवायचं नाही आणि शाबासकीही द्यायची नाही. त्याचे आभार मानायचे आणि प्रेक्षकांकडे वळायचं: 'फोन कुणाचा होता? या मुलीकडे फोन असतो का? समजा लावला, पोलीस येऊन गेले. उद्या सकाळी ती कोणाच्या घरात असेल?' हे प्रश्न त्या मुलाला अडवायला विचारलेले नसतात. ते विचारले की लोकच सांगू लागतात. फोन शेजारच्या काकूचा असतो. तो मागायचा तर काकूला कारण सांगावं लागेल. काकू कुणाच्या बाजूची, हे आधी बघावं लागेल. म्हणजे आता काकूकडे जाण्याचा प्रसंग करून बघायला हवा. एका जादूतून खरा प्रसंग असा निघतो.

समोरच्या नटांची तयारीही जोकरलाच करून घ्यावी लागते. बापाचं काम करणारा नट नुसता तापट आणि दारुडा असेल, तर तुम्ही प्रचारनाट्य करता आहात. बापाला खरी कारणं असतात आणि ती नटाला पाठ हवीत: 'सहा महिने आम्ही नसणार. पोरीला काही झालं तर गाव काय म्हणंल? म्हातारीच्या जिवावर ठिवू का?' प्रेक्षक मुलीची जागा घेतो तेव्हा या नटाने सहजासहजी हार मानू नये, आणि समोरच्याला चिरडूही नये. खरोखर पटण्यासारखं काही आलं तर गप्प व्हावं, विचार करावा, थोडं मागे सरावं. ही समज यायला तालमी लागतात. तालमीत आम्ही एकमेकांची जागा घेऊन वाईटात वाईट युक्तिवाद करून पाहतो. कुणाची जागा घ्यायला द्यायची, याबद्दल माझा नियम असा: मुलीची, आईची, मैत्रिणीची, शिक्षिकेची, म्हणजे ज्याच्यावर अन्याय होतो त्याची किंवा त्याच्या पाठीशी उभं राहू शकेल त्याची. बापाला किंवा मामालाच कुणी एकदम साधुसंत करून टाकलं तर प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण घरी गेल्यावर बाप तोच असतो.

आणि नाटकात शेवटच्या क्षणी तरी काही करता येण्यासारखं उरलं आहे का, हेही बघा. हळद लागून मांडव भरला की मुलीच्या हातात फारसं काही नसतं. अशा वेळी प्रेक्षकाला तिथेच झुंजायला लावणं बरोबर नाही. 'याच्या आधी कुठे थांबवायला हवं होतं?' असं विचारून गोष्ट मागे न्या. मामा स्थळ घेऊन आला तेव्हा? उचल घेतली तेव्हा? मुलीने पहिल्यांदा शाळा बुडवली तेव्हा? आमच्या प्रयोगांतलं सगळ्यात उपयोगाचं बोलणं बहुतेकदा उचलीच्या प्रसंगावर झालेलं आहे.

एक रात्र सविस्तर सांगते, कारण तिथे मी मोठी चूक केली. शाळेचं पटांगण, भाद्रपद संपत आलेला. तीन मुलं वर येऊन गेली होती. मागून एक आजी उठल्या. नऊवारी, कमरेत पिशवी खोचलेली. म्हणाल्या, 'ह्यात म्हातारी कुठंय? म्या म्हातारी हुती.' आमच्या नाटकात आजी नव्हतीच. पोरीला म्हातारीच्या भरवशावर ठेवायचं की नाही हा अख्ख्या घराचा प्रश्न, आणि आम्ही तिलाच नाटकात घेतलं नव्हतं. आजी वर आल्या, बापाच्या समोर न बसता मुलीच्या शेजारी बसल्या. तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. बापाचं काम करणारा नट म्हणाला, 'आये, तुझ्यानं हुतंय का? रातच्याला कुणी आलं तर?' आजींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, 'तुझ्या बहिणीच्या टायमाला तुझा बाप हेच म्हनला हुता.' आणि थांबल्या. पुढे काही बोलल्या नाहीत. मैदानात कुणी खोकलंही नाही.

त्या क्षणी मी माईकवरून म्हटलं, 'वा! आजींसाठी जोरदार टाळ्या!' टाळ्या वाजल्या, आजी पदर सावरत खाली गेल्या आणि ते वाक्य तिथेच संपलं. त्या बहिणीचं पुढे काय झालं, हे तिथल्या कित्येक बायकांना ठाऊक असणार, कदाचित स्वतःच्या आयुष्यातून. मला फक्त गप्प राहायचं होतं. किंवा एवढंच विचारायचं होतं: 'मग तिचं काय झालं?' टाळ्यांनी लोक मोकळे होतात, आणि त्या वेळी मोकळं होणं नको असतं. त्या रात्रीपासून आम्ही प्रसंगांनंतर टाळ्या वाजवायला सांगत नाही. लोकांनी आपणहून वाजवल्या तर वाजू द्याव्यात. जोकरने मागू नयेत. आता आमच्या नाटकात आजी आहे.

'म्हणजे आजींना असं म्हणायचंय की...' हेही करू नका. माणसाच्या शब्दांचा अर्थ तुम्ही लावायला घेतलात की तो तुमचा होतो. फोरम थिएटरचा जन्मच मुळी या धड्यातून झाला आहे. 1971 मध्ये लष्करी राजवटीने बोआल यांना पकडलं, छळ केला, आणि त्यांना देश सोडून अर्जेंटिनाला जावं लागलं. 1973 मध्ये ते पेरूमध्ये साक्षरतेच्या मोहिमेत काम करत होते. तेव्हा प्रेक्षक उपाय सुचवायचे आणि नट ते करून दाखवायचे. एका प्रसंगात नवऱ्याने बायकोला फसवलेलं असतं. तिने आता काय करावं? प्रेक्षकांतल्या एका धिप्पाड बाईने सुचवलं, तिने त्याच्याशी स्पष्ट बोलावं. नटीने बोलून दाखवलं. बाईचं समाधान होईना. पुन्हा केलं, तरी होईना. अखेर बोआल यांनी तिलाच वर बोलावलं. तिने झाडू उचलला आणि नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला बडवून काढलं. तिचं 'स्पष्ट बोलणं' हे होतं. सांगणारा आणि करणारा एकच असला पाहिजे, हे बोआल यांना त्या दिवशी उमगलं. म्हणून प्रेक्षक जागेवर बसून सल्ला देऊ लागला की त्याला वर बोलवा. 'छान आहे, करून दाखवा,' एवढं वाक्य पुरतं.

जोकर तटस्थ असतो का, हे नेहमी विचारतात. उत्तरांच्या बाबतीत हो, अन्यायाच्या बाबतीत नाही. 18 वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं बरोबर की चूक, यावर मी प्रेक्षकांचं मत घेत नाही. ते कसं थांबवायचं यावर घेते. कुणी म्हणालं, 'पोरी पळून जातात म्हणून लवकर लग्न लावावं लागतं,' तर त्याला खोडून काढायला मी धावत नाही. ती भीती त्या घरांमध्ये खरी आहे. तेवढ्यापुरता माझा नियम बाजूला ठेवून 'या, बाप व्हा आणि ही भीती मुलीसमोर बोलून दाखवा,' असं म्हणते. समोर मुलीच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवते. पण कुणी जातीवरून किंवा मुलीच्या चारित्र्यावरून बोललं, तर तिथे थांबवायचंच, शांतपणे आणि सगळ्यांसमोर. गप्प राहिलात तर वर यायला निघालेली प्रत्येक मुलगी पुन्हा खाली बसेल.

वर येणाऱ्या माणसाची जबाबदारीही तुमच्यावर असते. एका गावात नववीतल्या एका मुलीने मुलीची भूमिका घेऊन फार धीटपणे बापाला उत्तर दिलं. आम्ही खूश होऊन परतलो. दोन दिवसांनी कळलं की घरी तिला मार बसला. मोठ्यांसमोर तोंड वर करून बोलली म्हणून. आम्ही तर गाडीत बसून निघून गेलो होतो. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. मुलींसाठी आणि बायकांसाठी शाळेच्या खोलीत वेगळा प्रयोग आधी होतो. आणि प्रयोगानंतर आमच्यातली दोघंजणं त्याच गावात रात्र काढतात, सकाळी वर आलेल्यांच्या घरी जाऊन चहा घेतात. घरच्यांशी नाटकाबद्दल बोलतात. ज्या गावात मुक्कामाची सोय होत नाही, तिथे आम्ही खुला प्रयोग करतच नाही.

बोआल यांनी स्वतःची अशीच एक गोष्ट सांगून ठेवली आहे. ब्राझीलच्या ईशान्य भागात त्यांची मंडळी शेतमजुरांपुढे नाटक करायची, शेवटी बंदुका उंचावून जमिनीसाठी रक्त सांडायची हाक द्यायची. एकदा विर्जिलिओ नावाचा शेतकरी भेटायला आला. म्हणाला, आपलं एकच मत आहे. चला, बंदुका घेऊन आत्ताच निघू. त्या बंदुका नाटकातल्या आहेत, असं यांनी सांगितल्यावर तो म्हणाला, हरकत नाही, आमच्याकडे सगळ्यांना पुरतील इतक्या आहेत. यांना नाही म्हणावं लागलं. स्वतः जो धोका पत्करणार नाही तो दुसऱ्याला सुचवायचा नाही, हे बोआल तिथे शिकले.

माहिती मात्र जवळ पक्की ठेवा. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा 2006 चा आहे, मुलीसाठी 18 आणि मुलासाठी 21 वर्षं. आपल्याकडे गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, मदतीला अंगणवाडी सेविका, आणि मुलांसाठी हेल्पलाईन 1098. हे सुरुवातीलाच सांगून टाकलं तर पुढचं नाटक कुणी खेळत नाही. लोक स्वतः अडतात, 'मग जायचं कुणाकडे?' असं विचारतात, तेव्हा सांगा. ग्रामसेवक समोर बसलेले असतील तर त्यांनाच वर बोलवा आणि त्यांचीच भूमिका करायला लावा. मुलगी दारात उभी आहे, आता काय करता? प्रयोगापूर्वी त्यांना याची कल्पना देऊन ठेवावी; त्यांना तोंडघशी पाडणं हा आपला हेतू नाही.

आपल्याकडे सत्यशोधक जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले, अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांचं लाल बावटा कलापथक झालं. 1983 मध्ये आलेल्या 'मुलगी झाली हो' या नाटकाने कित्येक गावांत पहिल्यांदा बायकांना आपला प्रश्न मोठ्याने ऐकवला. ती परंपरा फार मोठी आहे आणि आम्ही तिचंच खातो. तिथे कलावंताकडे सांगण्यासारखं काहीतरी असायचं आणि तो ते ताकदीने सांगायचा. जोकरला सांगायची सवय मोडावी लागते. कलापथकातून आलेल्या चांगल्या नटांना हेच सगळ्यात जड जातं, कारण त्यांचा आवाज चांगला असतो आणि लोक त्यांचं ऐकतात.

प्रयोगात एक माणूस फक्त नोंदी घेण्यासाठी बसवा. कोण काय म्हणालं हे त्याच शब्दांत उतरवून घ्या, कोणाचं नाव न लिहिता. बोआल 1993 ते 1996 रिओच्या नगरपालिकेत नगरसेवक होते, तेव्हा अशाच प्रयोगांतून आलेल्या मागण्यांवरून 13 कायदे झाले. आपल्याकडे ग्रामसभा आहे आणि तिच्या आधी महिला ग्रामसभा आहे. आमच्या नोंदींतली एक मागणी जवळजवळ प्रत्येक गावात येते: आईबाप तोडीला गेल्यावर मुलींना राहायला गावातच सोय हवी. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती मांडायला बायकांबरोबर जा. मात्र बोलू त्यांनाच द्या, तुम्ही मागे बसा.

पश्चिम बंगालमध्ये 1985 साली सुरू झालेली जनसंस्कृती ही संस्था सुंदरबनच्या भागात हे काम करते. संजय गांगुलींनी ती उभी केली, नट गावांतलेच, बरेचसे शेतमजूर. ते एकाच गावात पुन्हा पुन्हा जातात, तेच नाटक घेऊन. पहिल्या वेळी लोक जादू करतात, पुढच्या वेळी एकमेकांना प्रश्न विचारू लागतात. आपल्याकडे निधी 'किती गावांत प्रयोग केले' यावर मिळतो, त्यामुळे आपण 30 गावांत एकेक प्रयोग करून अहवाल लिहितो. हे मला चुकीचं वाटतं आणि निधी देणाऱ्यांना तसं स्पष्ट सांगायला हवं.

ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. पोळा झाला की दसऱ्यापर्यंत साधारण सव्वा महिना हाताशी असतो. या वर्षी तेवढ्या वेळात एकच गाव घ्या आणि तिथे तीनदा जा.